काजळी

आमच्या घरी काळ्या रंगाला बंदी होती आणि त्याच्यावाचून चालतही नव्हतं. शुभकार्यात काळं नको. पण संक्रांतीला चंद्रकळा हवी, मंगळसूत्रात काळे मणी हवेत, बाळाच्या गालाला तीट हवी. आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची आणि तिच्यावर धरलेली काजळी खरवडून काजळ करायची.

जपानमधल्या नारा शहरात शाईही अशीच करतात, हे खूप पुढे वाचलं. 1577पासूनच्या कोबाइएन या पेढीत तेलाच्या पणत्या जळतात, वरच्या मातीच्या झाकणांवर काजळी धरते. ती सरसात मळून तिच्या कांड्या पाडायच्या. सरस उन्हाळ्यात नासतो, म्हणून हे काम थंडीतलं. तेलाच्या काजळीचा काळा तपकिरीकडे झुकतो, पाइनच्या लाकडाचा निळ्याकडे.

जपानी हायकूकवी बाशोच्या कवितेतला कावळा मला या शाईतच दिसतो. 1680च्या सुमाराची ती शरदातल्या संध्याकाळची कविता. तिची शाईतली चित्रंही आहेत. कावळा काळा आहे असं बाशो म्हणत नाही, आपल्याला काय वाटलं तेही सांगत नाही. (शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला. नंतरच्या हौशी हायकूंत मात्र तिसऱ्या ओळीत कवी हटकून रडतो.)

छायाचित्रकार मासाहिसा फुकासेचं याच्या उलट. होक्काइदोतल्या फोटो स्टुडिओवाल्याचा हा मुलगा. संसार मोडला त्या सुमाराला, 1976मध्ये, तो गावाकडच्या वाटेवर कावळ्यांचे फोटो काढू लागला आणि पुढे काही वर्षं त्यांतच राहिला. 1986मध्ये त्याचं ‘कारासु’ हे पुस्तक आलं. रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत झाडावर नुसते डोळे चमकतात. वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून घाटावर ताटकळलेल्या मला ते डोळे पाहून धस्स झालं. फुकासेचं दुःख जरा मोठ्याने बोलतं, असंही वाटलं.

पण कॉलेजात डार्करूममध्ये शिकलो होतो की, ब्रोमाइड कागदावर जिथे जास्त उजेड पडतो तिथलीच चांदी काळी होते. निगेटिव्हवर कावळा जवळजवळ पारदर्शक असतो. उजेड त्याच्याच अंगातून कागदावर उतरतो. म्हणजे हाही काळा दिव्याचाच. फुकासेचे कावळे इतके गच्च काळे का दिसतात, हे त्यावरून उमगलं. तरी भिंतीवर एकच कावळा लावायचा झाला तर मी बाशोचा लावीन. फुकासेच्या कावळ्यांसमोर झोप लागायची नाही.