जत्रा आणि बांध

पौष पौर्णिमेपासून मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें म्हसोबाची जत्रा भरते. गुरांच्या बाजारासाठीं तिची ख्याति आहे. शहापूर तालुक्यांतील आमच्या गांवाहून आबा तेथें बैल पाहावयास जात. मी सात वर्षांचा असतां त्यांनीं मला प्रथमच बरोबर नेलें, आणि तेथें त्यांचें बोट माझ्या हातून सुटलें. गर्दीनें मला ओढून नेलें. पाय माझे होते, दिशा माझी नव्हती. टेकाडावरून कोणीं पाहिलें असतें तर त्याला पाळण्यांपाशीं तुंबलेला आणि बाजाराकडे वळलेला एक संथ प्रवाह दिसला असता. त्यांत एक मूल रडत आहे हें कांहीं दिसलें नसतें.

पुढें पदार्थविज्ञान शिकतांना कळलें कीं शास्त्र त्या टेकाडावर मुद्दाम जाऊन बसतें. असंख्य अणूंचा क्वांटम समूह समतोलापासून ढळला म्हणजे त्याची पूर्ण अवस्था लिहून काढणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें असतें. परंतु टकरी होत होत लहान लहान भागांत समतोल येतो व बहुतेक तपशील पुसला जातो. अणूंची संख्या, संवेग आणि ऊर्जा तेवढीं नष्ट होत नाहींत. तीं एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहतात. त्या वाहण्याचा जमाखर्च म्हणजेच द्रवगतिकी. विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवरांपर्यंत हीच भाषा पोंचते, हें 2008 सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शिराज मिनवाला, सायंतनी भट्टाचार्य आणि त्यांचे परदेशांतील सहकारी यांनीं आईनस्टाईनच्या समीकरणांतून दाखविलें.

म्हणजे वाहावयाचें तर विसरावेंच लागतें! हा नियम मला फार दिवस निष्ठुर वाटे. मग 2006 सालच्या एका प्रयोगाचा वृत्तांत वाचनांत आला. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया येथें किनोशिता, वेंगर आणि वाइस यांनीं रुबिडियमचे अतिशीत अणु प्रकाशाच्या अरुंद नळ्यांत कोंडले व त्यांचे दोन गट करून एकमेकांवर सोडले. हजारों टकरी झाल्या, तरी अणु समतोलाला येईनात.

याचें मर्म मला आमच्या बांधावर सांपडलें. लावणीच्या दिवसांत एकदां आबा आणि शेजारचे तात्या रोपांचे भारे घेऊन एकाच बांधावर समोरासमोर आले. दोन्हीं बाजूंस चिखल. ओलांडावयास जागा नाहीं. आबांनीं आपला भारा तात्यांना दिला, त्यांचा आपण घेतला, आणि दोघेही माघारीं वळले. माणसें परतलीं, पण भारे ज्या दिशेनें निघाले होते त्याच दिशेनें गेले. एका रांगेंतले सारखे अणु जवळजवळ असेच आदळतात : वेगांची अदलाबदल होते, नवा वेग निपजत नाहीं. तेथें जतन होणाऱ्या गोष्टी दोनतीन नव्हेत, अगणित असतात. 2016 मध्यें युरोपांतील दोन संशोधकगटांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, या सर्वांचा जमाखर्च ठेवणारी व्यापक द्रवगतिकी रचली. 2019 मध्यें फ्रान्समधील प्रयोगांत तिचीं भाकितें पडताळून पाहिलीं गेलीं आणि तीं खरीं उतरलीं. म्हणजे वाहणें आणि विसरणें हीं एकच नव्हेत. काय जतन होतें, यावर सारें अवलंबून आहे.

आबा आतां ऐंशीच्या पुढें आहेत. वार, तिथि, बैलांचीं नांवें, माझें नांव, एकेक करून पुसलें गेलें. घरीं येणारे म्हणतात, आतां त्यांच्यांत कांहीं राहिलें नाहीं. मीही तसेंच म्हणूं लागलों होतों.

गेल्या पौषांत त्यांना घेऊन शेताकडे गेलों. भात कापून झालेलें, खाचरें कोरडीं. मध्येंच थांबून त्यांनीं माझ्याकडे पाहिलें.

"कोनाचा रं तू?"

"तुमचाच, आबा."

त्यांना तें पटलें कीं नाहीं, कळलें नाहीं. पण बांध अरुंद झाला तसा त्यांनीं हात मागें केला आणि एक बोट पुढें धरलें.

"सोडू नको रं. गर्दी हाय."

बांधावर आम्हां दोघांखेरीज कोणी नव्हतें. मीं तें बोट घट्ट धरलें.