बालाघाटचे आभाळ

आमची आक्का बालाघाटला राहते. दाजी तिथल्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते, निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिले. बेळगावहून तिकडे जायचे म्हणजे आधी मिरज गाठायची आणि कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची. ही गाडी तेराशे किलोमीटरहून जास्त धावते आणि शेवटपर्यंत महाराष्ट्रातच राहते. ऊस, द्राक्षे, कापूस, संत्री असे करत दुसऱ्या दिवशी गोंदियाला भाताची खाचरे दिसू लागली की समजावे, आलो.

गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. रस्त्याने गेले तर वाटेत बाघ नदीचा पूल लागतो. पलीकडे मध्य प्रदेश. पाट्या हिंदीत होतात, माणसे तीच राहतात. हा जिल्हा इंग्रजांच्या काळात नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर, भंडारा एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्यात राहिले. त्या तारखेला आपल्याकडे काय झाले हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. इथल्या बाजारात हिंदी, पोवारी आणि मराठी एकमेकींत अशा मिसळतात, की आपल्या खडेबाजारातल्या मराठी-कानडीची आठवण यावी. चिन्नोर नावाचा सुवासिक तांदूळ इथला. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आक्काने तो शिजवला की वास ओसरीपर्यंत येतो.

गेल्या मार्चअखेर मी गेलो तो मात्र भाच्यासाठी. भाचा वैमानिक व्हायला शिकतो आहे, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आपल्या सांबऱ्यासारखीच. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातच एकट्याने करायचा एक लांब प्रवास असतो, किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून थोडा जास्त, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. भाचा या प्रवासाला दोनदा निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आला. दोन्ही वेळा कारण एकच, पुढे आभाळ भरले होते.

आक्काने फोनवर एवढेच सांगितले होते, "तू ये. तुझे दाजी त्याच्याशी नीट बोलत नाहीत."

घरावर कर्ज आहे, गावाकडची जमीनही विकून झाली आहे. दाजींना विमानातले काही कळत नाही, पण हिशेब कळतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले आहे (ते आक्का दरवर्षी बेळगावहून मागवते). त्याच्या चौकोनांत दाजी पेन्सिलीने भाच्याचे तास लिहितात. परत आला त्या दोन दिवसांचे चौकोन त्यांनी कोरेच ठेवले होते. "इंधन जळलं, पैसे गेले, आणि हा परत. पाऊस काय आम्ही पाहिला नाही?" असे ते मला म्हणाले, भाच्याला नाही.

मी भूगोल शिकवतो. मार्च-एप्रिलमध्ये या भागात बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे येतात, वरून कोरडे पश्चिमी वारे वाहतात, जमीन तापलेली असते, आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. वीज, वादळ, कधी गारपीट. आपल्याकडचा वळीव तोच, सासुरवाडीला गोकाककडे अड्डमळी म्हणतात तीच. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो. भाच्याने जे सांगितले ते मात्र मला कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे वैनगंगेच्या काठी गेलो. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "मामा, बिरसीहून निघालो की खाली सपाट शेतं. ढग वर, मी मध्ये, भरपूर जागा. बालाघाट ओलांडलं की जमीन चढायला लागते. ढग आहेत तिथंच असतात. जमीनच वर येते."

बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर, बैहरचे पठार त्याच्या साधारण दुप्पट. विमानातले उंचीचे यंत्र हवेच्या दाबावर चालते. ते समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, पायाखालचा डोंगर त्याला कळत नाही. पठार आणि ढग यांच्यामधली फट अरुंद होत जाते, पण ती एकदम बंद होत नाही. दर दोन मिनिटांनी थोडी. माणूस म्हणतो, अजून दिसतंय की, एवढा डोंगर ओलांडू. मग थोडे खाली येतो. खाली झाडे असतात, तारा असतात.

तारेवरून आठवले. २०१७ च्या एप्रिलमध्ये याच वैनगंगेवर बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान रोपवेच्या तारेला अडकून नदीत कोसळले. शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. १८ मार्च २०२३ ला बिरसीचेच आणखी एक विमान बालाघाट जिल्ह्यातल्या भक्कूटोल्याच्या डोंगरात पडले. तेव्हाही दोघे, एक शिक्षक आणि एक विद्यार्थिनी. या अपघातांचा दोष मी हवेवर टाकत नाही. पण आक्का ज्या गावात भाजी घेते तिथे या दोन्ही बातम्या अजून बोलल्या जातात. भाचा रविवारी घरी येतो तेव्हा शेजारच्या बाया तिच्याकडे कसे पाहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले.

यंत्रांच्या आधाराने उडायचे शिक्षण नसेल, तर नियम साफ आहे. समोरचे ५ किलोमीटर दिसले पाहिजे, ढगापासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे ३०० मीटर अंतर हवे. ढगात शिरले तर काय होते, याचा प्रयोग १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने केला होता. यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना विमानात बसवून बाहेरचे दिसेनासे केले. विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. कोणाला २० सेकंद लागले, कोणाला ४८०, सरासरी १७८. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. कारण आपल्या कानातच आहे. तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतले पाणी हळू वळणाला फसते. विमान कलते, शरीर सांगते सरळ आहे. शरीराचे ऐकले की घेरी वाढते आणि विमान गिरक्या घेत खाली जाते. आंबोलीत किंवा चोर्ल्यात धुके उतरले की आपण गाडी बाजूला घेऊन चहा पितो. वर बाजू नसते.

पावसापुढे नमते घेण्यात कमीपणा नाही, हे ज्यांनी या देशात पूर्वी विमानाने टपाल नेले त्यांना ठाऊक होते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे आपल्या बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची माणसे विमानांसकट मुक्काम पुण्याला हलवत. उलट उदाहरणे अलीकडची आहेत आणि मोठ्या माणसांचीही. माधवराव शिंदे हवाई वाहतूक मंत्री असताना जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या धुक्यात भाड्याचे एक विमान उतरताना मोडले. कोणी दगावले नाही, तरी त्यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला. तेच माधवराव ३० सप्टेंबर २००१ ला सभेसाठी कानपूरला निघाले आणि खराब हवामानात मैनपुरीजवळ त्यांचे छोटे विमान पडले. आठही जण गेले. सभेची वेळ ठरलेली होती, लोक जमले होते. छोट्या विमानाच्या मागे असे कोणीतरी नेहमी वाट पाहत असते. कधी सभा असते, कधी लग्न, कधी कर्ज काढून बसलेले वडील.

भाच्याला मी विचारले, परत फिरायचे ठरवताना मनात काय येते? तो बराच वेळ दगड पाण्यात टाकत राहिला. "ढग नाही येत, मामा. कालनिर्णय येतं." मग म्हणाला, "सर म्हणतात, परत आलास, बरं केलंस. घरी कोणी म्हणत नाही."

हे वाक्य मी त्या रात्री जेवताना दाजींना जसेच्या तसे सांगितले. आक्काने वाढता वाढता हात थांबवला. दाजी काही बोलले नाहीत, ताक मागितले.

सोमवारी तो तिसऱ्यांदा निघाला. सकाळी ऊन लख्ख होते. आमच्या घरी बेळगावहून बायकोचा फोन, "अल्ली मोड कविदैतेनु?" मी म्हटले, इल्ला, स्वच्छ आहे. साडेदहाला उत्तरेकडे पांढरे ढीग दिसू लागले. आक्का दर पाच मिनिटांनी गच्चीवर जाऊन वाळवण पाहत होती. ते एवढे पाहण्यासारखे नव्हते.

उतरल्यावर फोन करायची त्याची पद्धत आहे. दोनच शब्द, "खाली आहे." फोन अपेक्षेपेक्षा फारच लवकर आला. दाजींनी उचलला. पलीकडून दोन शब्द आले असावेत. दाजींनी घड्याळ पाहिले. मला वाटले आता काहीतरी लागेल असे बोलतील.

"कुठून फिरलास?" त्यांनी विचारले. मग, "किती दिसत होतं?" मग बराच वेळ नुसते हूं, हूं. शेवटी म्हणाले, "बरं केलंस. जेवून घे."

मग ते स्वयंपाकघरात गेले, कानावरची पेन्सिल काढली आणि सोमवारच्या चौकोनात ४० मि. असे लिहिले. वर गच्चीत टपटप सुरू झाली होती. आक्का ओरडली, "अहो, वाळवण!" आम्ही दोघे जिन्याकडे धावलो.