पऱ्हाटीच्या मुलखातून हिमेजीला

जपानमधल्या हिमेजीच्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्याशेजारी लाल विटांची एक लांबलचक इमारत आहे. पूर्वी ते लष्कराचं कोठार होतं, आता शहराचं कलासंग्रहालय आहे. 2025 मध्ये तिथं याच गावात 1939 साली जन्मलेल्या फॅशन डिझायनर केंझो ताकादा यांनी घडवलेल्या कपड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. काय सांगू त्या रंगांचं! मोठाल्या फुलांना खेटून पट्टे, पट्ट्यांवर चौकडी, चौकडीखाली लोकरीचं विणकाम, आणि हे सगळं एकाच अंगावर. कुठं आफ्रिका, कुठं रुमानिया, कुठं चीन, आणि कापणी मात्र किमोनोची, सरळ नि ऐसपैस. 1982 सालच्या लग्नाच्या झग्यापुढे तर पाय हलेनात. वर्षानुवर्षं जमवलेल्या रंगीबेरंगी रिबिनी जोडून तो शिवलेला. वाटलं, एखादी बाग उभी राहून चालू लागली आहे.

1964 च्या ऑलिम्पिकसाठी टोकियोतली केंझोंची राहती इमारत पाडली गेली. भरपाईच्या पैशांतून हा तरुण योकोहामाहून बोटीनं निघाला. हाँगकाँग, सायगाव, आपली मुंबई, असं बंदरामागून बंदर पाहत तो मार्सेला उतरला आणि 1965 उजाडताना पॅरिसला पोचला. 1970 मध्ये गॅलरी व्हिव्हिएन्नमध्ये दुकान थाटलं तेव्हा खिसा रिकामाच होता. मग मोंमार्त्रच्या पायथ्याच्या बाजारातलं स्वस्त सुती कापड आणायचं आणि एकाला दुसरं जोडायचं. रेशमी, तोलून-मापून कपडे घालणाऱ्या पॅरिसला त्यांनी थंडीच्या दिवसांतही सूत नेसवलं! 2020 मध्ये ते पॅरिसजवळच वारले.

सूत म्हटलं की माझ्यासारख्या अकोल्याच्या माणसाचे कान टवकारतात. हिमेजीहून आगगाडीनं तासाभराच्या आत कोबे बंदर येतं. जमशेटजी टाटांच्या खटपटीनं 1893 मध्ये निप्पॉन युसेन कंपनीच्या बोटी मुंबई-कोबे मार्गावर धावू लागल्या, त्या मुख्यतः कापसासाठी. अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून जगाच्या बाजारात ओळखला जाणारा वऱ्हाडी कापूस जपानच्या गिरण्यांत जाई. आपल्या काळ्या मातीतली पऱ्हाटी, इथल्या जिनात सरकी काढलेली रुई, इथल्या गठाणी, आणि त्यांची वाट केंझोंच्या जन्मगावाजवळच्या बंदरापर्यंत! संग्रहालयाच्या अंगणात हे आठवलं आणि ऊर भरून आला.

त्याहून मोठा अचंबा दुसराच होता. रंगांच्या ज्या धिटाईनं केंझोंनी जगाला चकित केलं, ती आपल्याकडे पोहरादेवीला बंजारा समाजाच्या यात्रेत दरवर्षी डोळ्यांपुढून जाते. बंजारा बाईच्या फेटियात (घागऱ्यात) आणि कांचळीत (चोळीत) लाल, पिवळं, निळं, काळं शेजारी बसतं. त्यावर आरसे, कवड्या, नाणी आणि टाक्यांची दाट नक्षी. एकही रंग दुसऱ्याला दबत नाही. केंझोंनी असले लोकवेश देशोदेशी पाहिले, त्यांत ऐश्वर्य ओळखलं आणि ते भर पॅरिसमध्ये मानानं मिरवलं.

कापूस आपल्या शेतात आहे, कापडाचे कारखाने अमरावतीजवळ नांदगाव पेठेत आहेत, आणि अशी सुई बंजारा तांड्यांत आहे. या तिघांची गाठ घालणारी नजर आपल्याच मुलामुलींमधून यावी, असं मला मनापासून वाटतं. अकोला-अमरावतीत शिवणकला शिकणाऱ्यांनी पॅरिसच्या आधी पोहरादेवी गाठावी. तांड्यातल्या बाईपाशी बसून टाका शिकावा. आणि तिची नक्षी बाजारात नेली, तर कपड्यावर तिचं नाव लिहावं आणि तिच्या कष्टाचं मोल चोख तिच्या हातात द्यावं.