चिमटीबाहेरचा एक सेंटिमीटर

माझगावला माझ्याकडे गिटार शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विचारतो, "सर, पिक कितीचं घेऊ?" चपलेचा नंबर विचारावा तसा. पिकवर 0.46, 0.73, 0.88, 1.14 असे आकडे छापलेले असतात आणि ते मिलिमीटरमधल्या जाडीचे असतात, एवढं त्यांना दुकानात कळलेलं असतं. गिटारीला हजारो रुपये मोजून झालेले असतात. आता ह्या सगळ्यांत स्वस्त वस्तूचा बरोबर आकडाही कोणीतरी सांगून टाकावा, म्हणजे सुटलो, अशी अपेक्षा असते. मी आकडा सांगतो, पण आधी त्यांचा हात बघतो. चिमटीत धरलेलं पिक बोटांच्या पुढे किती बाहेर येतंय, ते बघितल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

याचं कारण साधं आहे. पिक म्हणजे एका टोकाला पकडलेली पट्टी. अशा पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि मोकळ्या सुटलेल्या लांबीच्या घनाने कमी होतो. म्हणजे एकाच प्लॅस्टिकचं 0.50 आणि 1.00 पिक शेजारी ठेवलं, तर दुसरं दुप्पट नव्हे, आठपट ताठ. 0.73 आणि 0.88 मध्ये फरक केवळ 15 शतांश मिलिमीटरचा, बोटाला धड कळतही नाही, पण ताठपणा जवळजवळ पावणेदोन पट होतो. आता लांबीकडे या. पिकचं टोक चिमटीबाहेर 10 मिलिमीटर असेल आणि तुम्ही बोटं पुढे सरकवून ते 8 वर आणलंत, तर तेच पिक जवळजवळ दुप्पट ताठ झालं. पिक टोकाकडे निमुळतं असल्यामुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरेसं आहे. दोन मिलिमीटर सरकलेल्या अंगठ्याने पिवळ्या पिकचं हिरवं पिक केलं, किंबहुना त्याच्याही पुढे नेलं.

पिवळं-हिरवं हा गिटारवाल्यांचा हिशोब. मूळचा स्कॉटलंडचा जिम डनलॉप अमेरिकेत गेला आणि 1965 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. 1981 मध्ये त्या कंपनीचं टॉर्टेक्स पिक आलं आणि जाडीनुसार रंग हा हिशोब जगभर पसरला: 0.50 लाल, 0.60 नारिंगी, 0.73 पिवळं, 0.88 हिरवं, 1.00 निळं, 1.14 जांभळं. धोबीतलावला फुर्टाडोजच्या काउंटरवरही मुलं रंगानेच मागतात. 1865 पासून वाद्यं विकणाऱ्या ह्या पेढीने पियानो, व्हायोलिनपासून चर्चच्या स्तोत्रांच्या वह्यांपर्यंत सगळं पाहिलं असेल.

ताठपणाचा आवाजाशी संबंध काय? ॲकॉस्टिक गिटारीच्या लाइट सेटच्या सहा तारा मिळून 70 किलोच्या आसपास ताण धरून असतात. पिक तारेला बाजूला ढकलतं, तार मागे रेटते आणि एका क्षणी दोघांपैकी एक जण हार मानतो. पातळ पिक आधी वाकतं. तार फारशी हललेली नसतानाच निसटते, म्हणून आवाज लहान, वरच्या पट्टीत चमकणारा, खर्ज कमी, आणि त्यावर पिक सुटल्याचा चट्ट असा आवाज. जाड पिक वाकत नाही, तार पूर्ण ओढली जाते, आवाज भरतो. पण जाड पिक काही माफही करत नाही. हात जितका जोर देईल तितका सगळा तारेपर्यंत पोचतो, चुकीचा जोरसुद्धा. पातळ पिक मध्ये पडून सगळे फटके सारखे करतं. नवशिक्याला पातळ पिक गोड वाटतं ते ह्यामुळे, आणि वर्षभरानंतरही तो तेच वापरत असेल तर त्याच्या वादनात लहान-मोठं काही उरत नाही तेही ह्यामुळेच.

पातळ पिकला कमी लेखू नका, मात्र. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चसारखी (मूळ ग्लोरिया चर्च आमच्या माझगावातच होतं) उंच छताची जागा घ्या. तिथे क्वायरबरोबर जाड पिकने कॉर्ड वाजवले, तर गिटारीचा खर्ज ऑर्गनच्या खर्जात मिसळून नुसती घूं ऐकू येते. तिथे 0.46 नायलॉन उपयोगी पडतं. सूर ऑर्गनने धरायचा, गिटारीने फक्त लय दाखवायची. आमच्या माथारपाखाडीत मे महिन्यात क्रुसासमोर लदीन (सामूहिक प्रार्थना) होते, तिथे उलट. उघडी जागा, वारा, माणसांची कुजबुज, माइक नाही. पातळ पिकचा आवाज दोन घरांपुढे जात नाही. मी तिथे 1.00 घेतो आणि ब्रिजच्या जरा जवळ वाजवतो.

मेंडोलिनवाल्यांना पातळ की जाड हा प्रश्न पडत नाही. मेंडोलिनच्या तारा जोडीने असतात, एका स्वरात लावलेल्या आणि करकचून ताणलेल्या. पिक वाकलं, तर पहिल्या तारेवर एक फटका आणि दुसरीवर वेगळाच, आणि ट्रेमोलो (एकच स्वर भराभर छेडणं) काढायला गेलात तर दोन तारा एकमेकींशी भांडायला लागतात. म्हणून तिथे जाड, न वाकणारं पिक लागतं आणि ते चिमटीत जवळजवळ लपलेलं असतं. आपल्याला लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार म्हणून माहीत आहेत, पण लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी नावारूपाला येण्याआधी ते फिल्मी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवत. माहीमला राहणारे संगीतकार सज्जाद हुसेन तर मेंडोलिनवर राग वाजवत, पडदे असलेल्या वाद्यावर मींड काढत. मेंडोलिनचा सूर झटकन विरतो, त्यामुळे तो लांबवायचं काम उजव्या हातावर येतं. त्या काळच्या रेकॉर्ड ऐकताना माझं लक्ष डाव्या हाताच्या करामतीइतकंच उजव्या हाताच्या एकसारख्या फटक्याकडे जातं. तिथे पिक वाकून चालणारच नाही.

आता पदार्थ. जाडीची चर्चा करणारे पदार्थाला विसरतात, आणि पदार्थाची चर्चा करणारे बहुधा कासवाच्या गोष्टीत रमतात. गोष्ट खरी आहे. जुन्या काळी उत्तम पिक हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाचं असे, आणि जॅझ-जिप्सी वादक अजूनही त्याच्या आठवणी काढतात. सायटीस हा आंतरराष्ट्रीय करार 1975 मध्ये अमलात आला, त्यानंतर ह्या कवचाचा व्यापार बंद होत गेला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदाही ह्या कासवाला पूर्ण संरक्षण देतो. (वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांची पिल्लं समुद्रात जाताना आपण पाहतो ती ऑलिव्ह रिडले, ही नव्हेत.) कोणी "आजोबांचं ओरिजिनल कवच" म्हणून विकायला आणलं, तर हात लावू नका.

कवचाची जागा घेतली सेल्युलॉइडने. न्यूयॉर्कच्या लुइजी दांद्रेयाने 1922 च्या सुमारास सेल्युलॉइडच्या पत्र्यातून पिक कापून विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला पिकचा नेहमीचा आकार म्हणतो, तो गोलसर त्रिकोण, त्याच घरातून पसरला. कवचाचे तपकिरी-पिवळे डागही सेल्युलॉइडवर रंगवून आणले. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून. पिकची कड पॉलिश पेपरवर घासली की खोलीत खरोखर कापराचा वास सुटतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची आजी शेजारच्या खोलीतून "आरती कुठे चाललीय?" म्हणून बघायला आली होती. कापरासारखंच सेल्युलॉइड पेटतंही भककन, तेव्हा काडेपेटीपासून लांब ठेवा. टेबल टेनिसचे चेंडूसुद्धा 2014 पर्यंत ह्याचेच होते, मग दुसऱ्या प्लॅस्टिकचे आले. सेल्युलॉइडचा आवाज मला अजून सगळ्यांत बोलका वाटतो, थोडा खरखरीत, पण तारेवरून सुटताना स्पष्ट. दोष एकच, झिजतं फार. ब्राँझ गुंडाळलेल्या तारांवर जोरात वाजवलं, तर काही दिवसांत कड चावल्यासारखी होते आणि गिटारीवर पांढरट भुकटी पडते.

नायलॉन झिजायला चिवट, स्पर्शाला मऊ, आवाज गोल. पण नायलॉन हवेतलं पाणी पितं. जून ते सप्टेंबर, भाऊच्या धक्क्याकडून वारा सुटला की आमच्याकडे भिंतीसुद्धा घामेजतात. अशा दिवसांत नायलॉनचं पिक हवेतली आर्द्रता शोषून मऊ पडतं, आणि जानेवारीत पुण्याला कार्यक्रमाला नेलं की तेच पिक कडक होऊन वेगळं बोलायला लागतं. हे मनाचे खेळ नाहीत, नायलॉन पाण्याने मऊ होतं हे कोणत्याही प्लॅस्टिकवाल्याला ठाऊक असतं. शिवाय गुळगुळीत नायलॉन घामाने निसटतं, म्हणून त्यावर खरखरीत नक्षी काढलेली असते. डेलरिन, म्हणजे टॉर्टेक्समधला पदार्थ, पाणी फारच कमी घेतो आणि त्याच्या पृष्ठभागाला पावडर लावल्यासारखी पकड असते. माझगावच्या हवेला तोच मानवतो. अल्टेमसारखं नवं प्लॅस्टिक आणखी कडक आणि आणखी चमकदार आवाजाचं. स्टुडिओत ते फार छान, लहान खोलीत मात्र कान टोचतं. क्वीन बँडचा ब्रायन मे जुनं ब्रिटिश सहा पेनीचं नाणं वापरतो. दातेरी कडेचा धातू तारेवर घासल्याचा त्याचा तो आवाज त्याच्याच हातात शोभतो.

आपल्याकडे हे शास्त्र जुनं आहे. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा, घासून गुळगुळीत केलेला, नेहमीच्या गिटार-पिकहून जाड. मी घरच्या नारळाच्या करवंटीतून एक तुकडा कापून गिटारीसाठी तसं पिक केलं. करवंटीला जात्याच बाक असतो, अंगठा त्यात छान बसतो. आवाज कोरडा, लाकडी, वरची चमक गेलेली, पण सुटा स्वर जाडजूड. संथ चालीच्या गाण्याला शोभतो, वेगवान स्ट्रमिंगला मुळीच नाही. कडेला लहान कपच्या उडतात, तेव्हा दर थोड्या दिवसांनी घासायला लागतं. पैसे वाचवणाऱ्यांसाठी आणखी एक: मुदत संपलेलं बँकेचं कार्ड. जगभरातली ही कार्डं 0.76 मिलिमीटर जाड असतात, म्हणजे पिकच्या भाषेत सरळ मीडियम. कात्रीने कापा, कड नीट घासा, वाजतं. पीव्हीसी मऊ असल्याने आवाज थोडा मंद आणि आयुष्य कमी, इतकंच.

कड घासणं हे मी मुद्दाम शिकवतो, कारण आकारातला आणि कडेतला फरक जाडीइतकाच ऐकू येतो, आणि तो फुकटात बदलता येतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका तारेत पडणारा कोन तीक्ष्ण आणि तितके वरचे स्वरांश जास्त जागे होतात. टोक बोथट, रुंद, तर तार गोल वळते आणि आवाज मवाळ होतो. म्हणूनच काही जॅझवाले त्रिकोणी पिकचं टोक सोडून त्याच्या गोल खांद्याने वाजवतात. 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर आकार द्यायचा, 1000 वर गुळगुळीत करायचं, शेवटी जीन्सच्या कापडावर घासून चमक आणायची. 1.14 चं जांभळं पिकही दोन्ही बाजूंनी कड तिरकी उतरवली तर पातळ पिकइतकं सहज तारेवरून सरकतं आणि तरीही वाकत नाही. जाड पिक "अडकतं" म्हणून टाकून देणाऱ्यांनी ते टाकण्याआधी घासून पाहावं.

आणि पकड. पिक आवळून धरलं तर मनगट आवळतं, मनगट आवळलं की खांदा. आमच्या पाखाडीत लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य घालवलेले एक गोवेकर अंकल होते. ते मुलांना पिक देण्याआधी दहा मिनिटं नुसता हात हलवायला लावत, पिकशिवाय. त्यांचं स्वतःचं पिक मी कधी नीट पाहिलंच नाही, टोकाचा जेमतेम एक कण दिसायचा. लयीच्या भागात तो कण थोडा मोठा व्हायचा आणि सोलो आला की पुन्हा लहान. ते गाण्याच्या मध्यात पिक बदलत नव्हते, त्याची लांबी बदलत होते. जाडीच्या आकड्याबद्दल त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी बहुधा हसून विषय बदलला असता.

तेव्हा दुकानात जाल तर एक पिक घेऊ नका. नायलॉनचं 0.46, डेलरिनचं 0.73 आणि 1.14, आणि सेल्युलॉइडचं एक मीडियम, अशी चार घ्या. गिटारीच्या किमतीपुढे ती काहीच नाहीत. घरी एकच ओळखीचं गाणं चारही पिकांनी वाजवा, प्रत्येकाने दोनदा: एकदा टोक सेंटिमीटरभर बाहेर ठेवून, एकदा निम्मं. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी आकडे न बघता ऐका. एक पिक आवडेल. मग त्याच रंगाची डझनभर घेऊन ठेवा, कारण पिक हरवतात.