चुकीच्या नावाखालच्या गंजिफा

गंजिफा स्वस्तात हव्या असतील तर त्या 'गंजिफा' या नावानं शोधायच्या नाहीत. ज्या विक्रेत्याला नाव ठाऊक असतं त्याला भावही ठाऊक असतो. ऑनलाइन लिलावात चांगला माल सापडतो तो चुकीच्या नावाखाली: 'इंडियन राउंड कार्ड्स', 'पर्शियन गेम', आणि एकदा तर 'कोस्टर', म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या. नाव बरोबर असलं तर स्पेलिंग चुकलेलं असतं. मी अशी सहा-सात चुकीची स्पेलिंगं वहीत लिहून ठेवली आहेत आणि रोज इशानंतर त्यांची एक फेरी मारतो.

हे तंत्र भाच्यानं शिकवलं. तो दोह्याला नोकरी करतो आणि जुने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' जमवतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, असा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत 1974 मध्ये पहिल्यांदा विकायला आला तेव्हा हजारभरच पेट्या काढल्या होत्या. आज त्यातली एक घ्यायची तर हजारो डॉलर मोजावे लागतात. भाचा तिच्या मागं लागत नाही. कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेल्या 'जुने खेळ, सगळे मिळून' अशा ढिगाच्या फोटोत कोपऱ्यात दिसणाऱ्या पुस्तकाच्या कण्यावर त्याची नजर असते. मी म्हटलं, हेच आपल्या कोकणातल्या खेळाला लावून बघू.

'आपल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सावंतवाडी आज सिंधुदुर्गात असली तरी 1 मे 1981 पर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथले चितारी दशावतारी गंजिफा रंगवत आले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आणि खेळाचं नाव मात्र फारसी. बाबरानं 1527 मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत या खेळाचं वर्णन केलं आहे. मुघल संचाचे आठ रंग आणि 96 पानं: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. नावं नीट वाचली तर हा खेळ म्हणजे एक दरबार आहे. चांदीचं नाणं, सोन्याचं नाणं, पैसे अदा करायचा लेखी हुकूम, कोठारातला माल, नोकरचाकर, शस्त्रं आणि करमणुकीला चंग नावाचं वाद्य. सावंतवाडीच्या कारागिरानं या कचेरीच्या जागी अवतार बसवले, पण चौकट मोडली नाही. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा.

खेळात हुकूम नसतो. अर्ध्या रंगांत दहा मोठा, उरलेल्यांत एक्का मोठा, त्यामुळे कुठलं पान पडून गेलं हे डोक्यात ठेवणारा जिंकतो. मला सगळ्यात आवडतो तो सुरुवातीचा नियम: मुघल डावात दिवसा सुर्खचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं खेळ सुरू करायचा आणि रात्री सफेदच्या राजानं. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. सूर्य मावळला की पानांचा मानही बदलतो. पैसे लावून खेळलं तर तो मैसिर, त्यावर वाद नाही. दादी तर बिनपैशाचेही पत्ते घरात येऊ देत नसे. माझ्याकडची पानं डब्यात असतात, त्यामुळे आमचं भागलं असतं असं मला वाटतं.

फोटोवरून जुनं-नवं ओळखायला वेळ लागतो. जुन्या पानात कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले असतात, वर खडूचा लेप, मग रंग, मग लाख. कडेला टवका उडाला असेल तर आतले थर दिसतात. म्हणून मी विक्रेत्याकडं सगळ्यात खराब पानाचा, तेही कडेनं काढलेला फोटो मागतो. राजा-वजिराचे सुंदर फोटो त्यानं टाकलेले असतातच, त्यांचा उपयोग नाही. सावंतवाडीत 1971 पासून शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली. तिथले अलीकडचे संच बाहेर 'अँटिक' म्हणून विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत. त्यात राजवाड्याचा काहीच दोष नाही, संच उत्तम असतात. हस्तिदंताच्या पानांकडं बघायचंही नाही. त्याचा व्यापार आपल्याकडं गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांवरचा संच भारतात आला की 1972 च्या कायद्यानं तो खासगी माणसाला पुन्हा बाहेर पाठवता येत नाही. नफ्यासाठी हे करू म्हणणाऱ्यानं इथंच थांबावं.

बोली लावायची ती शेवटच्या दहा सेकंदांत. आधी लावली तर बाकीच्यांना कळतं की इथं काहीतरी आहे. ब्रिटनमधला रविवार संध्याकाळचा लिलाव आपल्याकडं मध्यरात्रीनंतर संपतो, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सोमवारी सकाळी. फजर झाली की झोपायचं नाही, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. लिलाव आपल्याला परका नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका गरीब अन्सारी माणसाचं खोगिराखालचं कापड आणि प्याला असाच, कोण जास्त देतो विचारत, दोन दिरहमना विकून दिला, हे तिर्मिजीत आहे. घ्यायचं नसताना भाव चढवायला लावलेली बोली म्हणजे नज्श, ती मना. इथपर्यंत सोपं आहे. अवघड आहे ती काफिल्याची हदीस. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेर गाठून सौदा करू नका, कारण त्याला अजून भाव कळलेला नाही. बाजारात आल्यावर कळला तर सौदा मोडायचा हक्क त्याचा. ऑनलाइन लिलावात 'बाजाराबाहेर गाठणं' म्हणजे विक्रेत्याला खासगीत लिहायचं: लिलाव बंद करा, मी पन्नास पौंड देतो. स्वस्त माल मिळवणाऱ्यांत ही युक्ती फार लाडकी आहे. भरबाजारात बोली लावून मी इतर गिऱ्हाइकांपेक्षा जास्त जाणतो म्हणून मला स्वस्त मिळालं, तर ते हलाल, अशी माझी समजूत आहे. माल सगळ्यांसमोर होता. खासगी पत्रात मात्र मी फक्त विकणाऱ्यापेक्षा जास्त जाणत असतो.

ते 'कोस्टर' इंग्लंडमधल्या एका बाईंनी लावले होते, वारलेल्या नातेवाइकाचं घर रिकामं करताना. दहा पौंडांपासून सुरुवात, फोटोत सहाच पानं, पण त्यात एक शमशेरचा वजीर स्पष्ट होता. मी फक्त विचारलं, एकूण किती आहेत? उत्तर आलं: 95. आणि खाली एक ओळ, तुम्हाला हे काय आहे माहीत आहे का?

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, उत्तरच देऊ नका. बोली लावा आणि गप्प बसा." उत्तर न देणं खोटं नव्हतं, हे खरं. पण बाईंनी मला सरळ विचारलं होतं, आणि एका पानानं कमी असलेला मुघल संच हातात धरून त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी लिहिलं: हे खेळायचे पत्ते आहेत, मूळचे 96, नाव गंजिफा. स्पेलिंगसुद्धा बरोबर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शीर्षक बदललं. रविवारी रात्री दीड वाजता मी 140 पौंडांपर्यंत गेलो. टपालखर्च आणि इथली ड्युटी धरून त्यापलीकडं माझी ऐपत नव्हती. संच 310 ला गेला. बाईंनी आभाराचं पत्र पाठवलं, ते भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला, "फ्रेम करून लावा."

माझ्याकडं आज आहे तो दशावतारी, 120 पैकी 71 पानं, तीन वेगवेगळ्या लिलावांतून जमवलेली, त्यामुळे लाखेची छटा तीन तऱ्हांची. राम आणि कृष्ण पूर्ण आहेत, म्हणजे दिवस-रात्रीची सोय झाली. कल्कीची मात्र बारातली तीनच. उरलेली पानं सावंतवाडीला राजवाड्यात रंगवून मिळतील का, हे विचारायला पावसाळा संपला की जाणार आहे. कल्कीची ती तीन पानं सोबत नेईन, रंग जुळवायला.