बागेतला आडोसा

उद्यानाचा आराखडा करताना कारंजे मध्यभागी येते, बाकांना सावली मिळते आणि प्रसाधनगृह उरलेल्या कोपऱ्यात जाते. मेंदीच्या कुंपणामागे, पाण्याच्या टाकीशेजारी. त्यामागे संकोच असतो. ‘आडोशाला जाणे’ हा भाषेतला जुना शिष्टाचार नकाशातही उतरतो. पण लज्जा झाकण्यासाठी लावलेली तीच झुडपे तिन्हीसांजेला नातवाला घेऊन आलेल्या आजीला भिववितात. वाट सुनी, दिवा गेलेला, दाराची कडी निखळलेली. म्हणून ती घरून निघताना तहान दाबते, घोटभरच पाणी पिते. आणि तरीही नातवाचा झोका रंगात आला असतानाच त्याला उतरवून घराकडे वळते.

पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने हे दुखणे न्यायालयात नेले. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित प्रसाधनगृहे पुरविणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरविले. एका नियतकालिकाने लेखांबरोबर याचिकाही करावी, ही मराठीला भूषणावह गोष्ट.

आडोसा हवाच, फक्त तो कडी लावल्यावर सुरू व्हावा. तोक्योच्या शिबुया भागातील दोन लहान बागांत वास्तुकार शिगेरु बान यांनी २०२० मध्ये काचेची स्वच्छतागृहे उभारली. आत कोणी नाही, जमीन स्वच्छ आहे, हे बाहेरूनच दिसावे आणि कडी लागताच काच अपारदर्शक व्हावी, अशी ती योजना. इतकी महाग काच आपल्याला परवडणार नाही, आणि तिचे अडतही नाही. दार वर्दळीच्या वाटेकडे, त्यावर दिवा, आत पाणी, पिशवी अडकवायला खुंटी; आणि दिवसातून अनेकदा फरशी धुणारे, वेळेवर पगार मिळणारे कोणीतरी.