सुई लाल रेघेवर गेली तेव्हा

द्राक्षबागेत मोठा ट्रॅक्टर चालत नाही. दोन ओळींमध्ये नऊ फूट जागा, वर मांडव, खाली ठिबकच्या नळ्या. म्हणून आमच्याकडे, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला आणि आसपासच्या गावांत, बागवाल्यांकडे मिनी ट्रॅक्टर दिसतो. वीस-बावीस एचपीचा, अंगाने बारीक. त्याच्यामागे ब्लोअर लावून फवारणी, रोटाव्हेटर लावून मशागत. तो बंद पडला की बाग थांबते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर बाग थांबवणं परवडत नाही.

त्या वर्षी छाटणीनंतर कोवळी फूट निघाली आणि परतीचा पाऊस आला. कोवळ्या पानावर पाणी थांबलं की डाउनी येतो. पानामागे पांढरी बुरशी दिसेपर्यंत वाट बघितली तर घड हातचे जातात. त्यामुळे पाऊस उघडला की त्याच दिवशी फवारणी. नेमकं तेव्हाच ट्रॅक्टरच्या टेंपरेचर मीटरची सुई लाल रेघेला जाऊन टेकली.

मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवार गावी असते. मी पोचले तेव्हा घरात दोन मतं झाली होती. बाजारातल्या एका मिस्त्रीने नुसतं मीटर बघून सांगितलं होतं, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. खर्च तीस हजारांच्या पुढे, आणि आठ दिवस तरी लागणार. दादांचं म्हणणं उलटं. "सुई खोटं बोलतीय. आवाज नेहमीचा आहे, ताकद नेहमीची आहे. मी फवारणी उरकून घेतो."

सुई एक, निकाल दोन. आणि दोन्ही महागात पडणारे. इंजिन खरंच तापलं असेल तर हेड वाकतं, पिस्टन धरतो, मग तीस हजारांतही भागत नाही. तापलं नसेल तर विनाकारण खोललेलं इंजिन आणि डाउनीने गेलेली बाग.

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला आजही पाठ आहे. "सुई चढली कशी? हळूहळू, का उडी मारून?"

"उडी मारून," दादा म्हणाले. "बांधावरून चाक उतरलं आणि गेली वर."

"पाण्याला तापायला वेळ लागतो दाजी. एका हिसक्यात पाणी तापत नाही. पण तेवढ्यावर जाऊ नका, बघून घ्या. आणि गरम रेडिएटरचं झाकण कुणी उघडू नका."

हे शेवटचं वाक्य प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने लक्षात ठेवावं. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

इंजिन गार होऊ दिलं. झाकण काढलं तर कूलंट काठोकाठ, त्यावर तेलाचा तवंग नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच होतं, चहासारखं दुधाळ नाही. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडेही येत नव्हते. म्हणजे गॅस्केट गेल्याची नेहमीची एकही खूण नाही. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला, अर्धा इंच दबला, ठीक. रेडिएटरची जाळी मात्र वाळक्या पानांनी आणि औषधाच्या पांढऱ्या थराने भरलेली. फॅनच्या बाजूने हवा मारून ती साफ केली. पुढून मारली असती तर कचरा पाकळ्यांत आणखी घट्ट बसला असता.

मग शेजाऱ्यांकडून लेझरवाली टेंपरेचर गन आणली. ही गन चकचकीत धातूवर फसते, कमी आकडा दाखवते. म्हणून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळी टेप चिकटवली आणि तिच्यावर नेम धरला. वीस मिनिटं लोड देऊन इंजिन चालवलं. गनवर ८४. वरचा होज गरम, खालचा त्याहून कमी गरम, म्हणजे थर्मोस्टॅट उघडलाय, पाणी फिरतंय. मीटरवर सुई लालच.

मामांनी फोनवरून शेवटची परीक्षा सांगितली. सेन्सरची वायर काढ. या सेन्सरचं काम साधं असतं. तापेल तसा त्याचा विद्युत विरोध कमी होतो आणि सुई वर जाते. वायरच काढली तर विरोध अमर्याद, सुईने गार दाखवायला हवं. मी वायर काढली. सुई हलली नाही. म्हणजे करंटला सेन्सरच्या आधीच कुठेतरी बॉडीत उतरायला वाट मिळाली होती. शोधत गेलो तर बॉनेटखाली ब्रॅकेटच्या कडेला घासून वायरचं कव्हर गेलेलं, तांबं लोखंडाला टेकलेलं. टेप, वर रबरी नळीचा तुकडा, एक केबल टाय. सुई खाली आली. संध्याकाळपर्यंत फवारणी झाली.

बोरीचं नाव ट्रॅक्टरमुळे नाही, राखेमुळे जगात माहीत आहे. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली. राखेचं वय कळलं तर हत्यारांचं वय कळणार. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. पुढे अरगॉनच्याच सुधारित पद्धतीने आलं पावणेसात लाखांच्या आसपास. राखेतल्या काचेचं रसायन तपासणाऱ्यांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळवली. वाद बराच काळ चालला. राख तीच, आकडे तीन. नमुन्यात जुन्या खडकाचे कण मिसळले तर वय फुगतं, हे सांगायला पद्धत कशी चालते ते माहीत असावं लागतं.

मला यात आपल्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी दिसतं. आपल्या हातात दिवसभर आकडे असतात. पावलं, झोप, बॅटरी, बाजारभाव. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे आणि डोळे मिटून ते झटकणारे, दोघंही डोळे मिटूनच असतात. आकडा म्हणजे साक्ष. साक्षीदाराला उलटतपासणी लागते, आणि दुसरा साक्षीदार वेगळ्या वाटेने आलेला असावा लागतो.

मला भीती होती की एकदा सुई खोटी ठरली म्हणून दादा पुढे तिच्याकडे बघणारच नाहीत. महिनाभराने त्यांचा फोन आला. रोटाव्हेटर चालू असताना सुई चढली होती, हळूहळू. त्यांनी तिथेच ट्रॅक्टर उभा केला, गार होऊ दिला, बॉनेट उघडलं. बेल्ट सैल पडला होता.

"या वेळी खरं बोलली," ते म्हणाले.